गल्ल्यातली तूट

कुलूपवाल्याच्या दुकानाचं दार जपून ढकलावं लागे. ते आत उघडायचं, आणि त्याच्यामागच्या बेचक्यात कुलूपवाल्याची बायको स्टुलावर बसलेली असायची. मांडीवर कुणाची तरी प्रवासी बॅग, हातात चिमटा, चेनवर घासायला मेणबत्तीचं एक थोटुक. गिऱ्हाईक आत आलं की दार तिच्या डाव्या कोपरावर आपटायचं. नवखं गिऱ्हाईक माफी मागायचं. जुनं नुसतं म्हणायचं, "वहिनी, कोपर." मग वहिनी कोपर आत घ्यायची, पण तोवर आपटून झालेलं असे.

सगळा रस्ता तिला वहिनी म्हणे. नवऱ्याला मात्र सगळा रस्ता कुलूपवालाच म्हणे, आणि त्यालाही तेच आवडे. आजूबाजूच्या निम्म्या घरांच्या किल्ल्या कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यामुळे लोकांविषयी त्याच्या मनात फारसा आदर उरला नव्हता. जो किल्ली हरवतो तो बावळट, जो आधीच दुसरी करून ठेवतो तो भित्रा, जो नंबराचं कुलूप वापरतो तो नंबर विसरणारच, आणि ज्याला कुलूपच लागत नाही त्याच्या घरात चोरण्यासारखं काय असणार. या चार ढिगांत त्यानं सगळी मनुष्यजात रचून ठेवली होती. स्वतःला तो यांतल्या कुठल्याच ढिगात धरत नसे. आपल्याकडून कोणी काही चोरून नेऊ शकत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. वहिनी ही समजूत रोज ऐकत असे आणि चेनचे दात बसवत असे.

दुकान मूळचं मामंजींचं, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांचं. मामंजींनी आयुष्यात दोनच गोष्टी केल्या, कुलपं उघडली आणि नियम घातले. त्यांनी उघडलेली कुलपं लोक घेऊन गेले, नियम दुकानातच राहिले. त्यातला सर्वांत पवित्र नियम गल्ल्याचा. संध्याकाळी वहीतली विक्री आणि गल्ल्यातले पैसे जुळलेच पाहिजेत. कमी भरले, तर गल्ल्यावर जो असेल त्यानं पदरचे घालून तूट भरायची. आणि जास्त भरले तर? जास्त भरले तर ते दुकानाचे. मामंजींचा न्याय फक्त आतून लागणाऱ्या कडीसारखा होता. बाहेरच्या माणसानं दार बडवत बसावं.

आता गल्ल्यावर कोण, हा प्रश्न या दुकानात अवघड नव्हता. कुलूपवाला भिंतीकडे तोंड करून किल्ल्या कापायचा, त्याचे हात तेलात आणि पितळेच्या चुऱ्यात माखलेले. पैसे घ्यायला वहिनीच उठायची. बॅग खाली ठेवायची, कोपर चोळायचं, पैसे घ्यायचे, मोड द्यायची आणि पुन्हा बॅग मांडीवर. या सगळ्याला कुलूपवाला "ती गल्ल्यावर बसते" असं म्हणे. जणू गादी होती, तक्क्या होता.

पुढं लोकांनी खिशात रोकड ठेवणं सोडलं. गिऱ्हाइकं कार्ड पुढं करू लागली आणि "मशीन नाही" म्हटलं की न केलेल्या किल्लीसकट परत जाऊ लागली. शेवटी एक दिवस गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस आला, तळहाताएवढं मशीन ठेवून गेला आणि जाताना कागदांच्या चवडीवर सह्या घेऊन गेला. कुलपावरचं कंपनीचं नाव भिंग लावून वाचणाऱ्या माणसानं त्या कागदांतलं एक अक्षर वाचलं नाही. तेलाचा अंगठा मात्र प्रत्येक पानावर उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर बँकेचा निरोप आला. कुलूपवाल्यानं तो वहीशेजारी धरला.

"कमी आलेत."

"मशीनच्या कंपनीनं आपले कापून घेतले असतील," वहिनी म्हणाली. "तो सांगत होता ना. प्रत्येक वेळी थोडे कापणार आणि वर महिन्याचं भाडं."

"मला नाही सांगितलं."

"तुम्हालाच सांगत होता. तुम्ही त्याच्या बॅगेचं कुलूप किती फालतू आहे ते त्याला सांगत होता."

कुलूपवाल्यानं थोडा विचार केला. विचार करताना तो मामंजींसारखा दिसे, आणि ते कधीच शुभ नसे.

"मशीन कोणी दाबलं काल?"

"मी."

"मग झालं तर."

वहिनीनं तूट भरली. पहिल्या दिवशी ती अर्ध्या कप चहाएवढी होती, आणि नवऱ्याशी वाद घालायला त्याहून जास्त चहा लागला असता. ती भरली चेन बसवण्याच्या पैशांतून, म्हणजे स्वतःच्या. दुसऱ्या दिवशीही भरली. पुढं तो रिवाजच झाला. सकाळी तो मोबाईल बघून आकडा सांगायचा, ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून काढून गल्ल्यात टाकायची, तो वहीवर टिचकी मारून "जुळलं" म्हणायचा. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात. थेंबे थेंबे ते आटतंही, पण त्याची म्हण करायला कोणाला सवड झाली नाही.

त्या डब्यातलं तळं वहिनीनं एका कारणासाठी साठवायला घेतलं होतं. दुकानाला लागून एक गाळा होता, इतका अरुंद की कपाटाला दार फुटलं आणि त्याचं दुकान झालं असं वाटावं. तिथं एक घड्याळाचे पट्टे विकणारा बसायचा, आणि तो कधीतरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पट्टे घ्यायला कोणी येत नव्हतं. गाळा मिळाला तर बॅगा, चेनी, चिमटे सगळं तिकडं न्यायचं, दारावर स्वतःची पाटी लावायची आणि दोन्ही कोपरं पसरून बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

"घेऊ की," कुलूपवाला दर वर्षी म्हणे. "पुढच्या वर्षी बघू."

कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच. फक्त इथं त्याच कोपरावर रोज दारही आपटत होतं.

पुढच्या वर्षीसाठी त्याच्याकडे पैसे नव्हते असं नव्हे. त्यानं ते दुकानाच्या पाटीसाठी बाजूला ठेवले होते. साधी पाटी नव्हे, आतून उजळणारी, तिच्यावर मामंजींचा चेहरा आणि चेहऱ्याखाली त्यांची सही. हयातीत मामंजींनी रस्त्याकडं कधी हसून पाहिलं नव्हतं. ते आता दिवसरात्र प्रकाशमान होऊन पाहणार होते.

आणि मग एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. पट्टेवाल्यानं गाळा सोडला. आणि करवाले काका डोळ्यांच्या तक्रारीनं घरी बसले.

करवाले काका म्हणजे दुकानाचा कर दरवर्षी भरून देणारे गृहस्थ. कुलूपवाला त्यांना विक्रीचा आकडा सांगायचा, भाडं, वीज, कोऱ्या किल्ल्या आणि तेल एवढा खर्च सांगायचा, आणि काका तो लिहून घ्यायचे. त्यांनी कधी काही विचारलं नाही. कुलूपवाला याला सज्जनपणा म्हणे. पैसे देऊन झोपायला ठेवलेला माणूस, असं वहिनीचं मत होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

काकांची कामं त्यांच्या सुनेकडं आली. ही बाई बारा महिने सर्दी असलेली आणि विलक्षण स्पष्ट बोलणारी होती. नाक पुसत ती बँकेचे कागद आणि वही शेजारीशेजारी घेऊन बसली. कुलूपवाला समोर ताठ बसला होता. वहिनी सोबत होती, कारण बँकेच्या कागदांचं पाकीट कुठं असतं हे तिलाच माहीत होतं.

"कार्डानं झालेली विक्री वहीत पूर्ण लिहिलीय," सून म्हणाली. "बँकेत कमी जमा झालीय. आणि तरीही तुमचा हिशेब रोज जुळतोय. हे कसं काय?"

"आमच्या दुकानात तूट राहत नाही," कुलूपवाला म्हणाला. "वडिलांपासून."

"राहत नाही म्हणजे जाते कुठं?"

"भरली जाते."

सुनेनं शिंक येईल म्हणून वाट पाहिली, आली नाही, तेव्हा ती बोलली. "मालक, कार्डवाले जे कापून घेतात तो धंद्याचा खर्च आहे. प्रत्येक वेळची कपात, मशीनचं भाडं, सगळं. विक्रीतून वजा करायचं आणि उरेल त्यावर कर भरायचा. तुम्ही ते एकदाही वजा केलेलं नाही. जे पैसे तुमच्या हातात आलेच नाहीत त्यांवर तुम्ही कर भरत आलात."

वहिनीच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. तिच्या मनात एकदम लख्ख उजेड पडला. कंपनीनं कापले ते तिनं भरले. तिनं भरले म्हणून वही जुळली. वही जुळली म्हणून नफा फुगलेला दिसला, आणि फुगलेल्या नफ्यावर सरकारनंही आपला घास घेतला. एका अर्ध्या कप चहात दोघांनी पाव बुडवून खाल्ला होता, आणि कप तिचा होता.

"मागची दोन वर्षं अजून दुरुस्त करता येतील," सून म्हणाली. "थोडे परत मिळतील. त्याआधीची गेली. आणि यंदाची कपात तर आताच खर्चात घालू. सही करा इथं."

कुलूपवाल्यानं हात मागं घेतला.

"याला मी खर्च म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार?"

"चोरी. खर्च माणूस राजीखुशीनं करतो. हे तर माझ्या विक्रीत हात घालून घेतात. उद्या मी लिहून द्यायचं की मी खर्च केला? माझ्या वडिलांच्या दुकानात तूट झाली असं कागदावर यायचं?"

"चोरी दाखवायची तर पोलिसांचा कागद लागेल," सून म्हणाली, आणि आता मात्र तिला शिंक आली. ती हे थट्टेनं म्हणाली होती. पण कुलूपवाल्याला थट्टा कळत असती, तर त्यानं पाटीवर मामंजींचा चेहरा घालायचं ठरवलं नसतं.

त्याच दुपारी तो पोलिस चौकीवर निघाला. मशीन एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून घेतलं होतं. पुरावा म्हणून. वहिनीला बरोबर नेलं, कारण ते चालू कसं करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

चौकीतला अंमलदार ओळखीचा होता. त्याच्या कपाटाची किल्ली दर पावसाळ्यात हरवे आणि दर हिवाळ्यात त्याच्याच खिशात सापडे. त्यानं फडकं सोडून पाहिलं, मशीन पाहिलं, वहिनीकडं पाहिलं. वहिनी भिंतीवरच्या सूचना वाचत होती.

"हे तुमच्या दुकानात जबरदस्तीनं ठेवलं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी ठेवून घेतलं."

"कागदावर सही कोणाची?"

"माझी."

"सकाळी चालू कोण करतं?"

"ही करते."

"आणि याचं भाडं भरता?"

"तेही तेच कापून घेतात. तेच तर सांगतोय."

अंमलदारानं फडकं पुन्हा नीट गुंडाळलं. "म्हणजे दार तुम्ही उघडलंत, किल्ली तुम्ही दिलीत, वर बसायला पाट मांडलात. कुलूपवाले, याला चोरी म्हणत नाहीत. तुमच्याच धंद्यातल्या माणसानं माझ्याकडं अशी तक्रार आणली, हे मी बाहेर कुणाला सांगणार नाही. एवढं तुमच्यासाठी करतो."

त्यानं ते संध्याकाळच्या आत सगळ्या चौकीला सांगितलं. पण तेव्हा ही दोघं रस्त्याला लागली होती.

वाटेत कुलूपवाला फडक्यातलं मशीन काखेत आवळून पुढं चालला होता. चोराला आपणच किल्ली दिली, हे वाक्य त्याच्या डोक्यात मोडलेल्या किल्लीसारखं अडकलं होतं. वहिनीच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. गाळ्याची मालकीण सकाळीच येऊन सांगून गेली होती की एक झेरॉक्सवाला अनामत घेऊन तयार आहे. पण तुम्ही जुन्या शेजारी, महिना संपेपर्यंत थांबते. डब्यात अनामतीच्या निम्मेही नव्हते. ते का नव्हते, हे तिला आता नीट कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा सुनेकडं गेली. कुलूपवाला सही करायला तयार होता. चेहरा असा, की सही म्हणजे दात काढून घेणं.

"थांबा," सून म्हणाली. "रात्री माझ्या लक्षात आलं. हा खर्च दुकानाचा म्हणून घालायचा, तर तो दुकानानं केलेला हवा. तूट कोण भरत होतं?"

कुलूपवाल्यानं खिडकीबाहेर पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

"मी," वहिनी म्हणाली.

"कशातून?"

"चेन बसवायचे मिळतात त्यातून."

"मग दुकानानं ते तुम्हाला परत द्यायला हवेत. दुकानातून पैसे निघाल्याचं दिसलं की मी खर्च घालते. कंपनीच्या कागदांवरून बेरीज काढलीय." तिनं कागद पुढं सरकवला.

आकडा पाहून कुलूपवाला प्रथमच टेकून बसला. तो आकडा पाटीच्या किमतीपेक्षा थोडासाच कमी होता. वहिनीनंही तो पाहिला. तो अनामतीपेक्षा थोडा जास्त होता.

"घरातल्या घरात कसली देणीघेणी," तो म्हणाला. "ही काय परकी आहे?"

"तूट भरून घेताना परकीच होते," वहिनी म्हणाली.

"तो नियम आहे."

"आहे ना. वही आणि गल्ला जुळला पाहिजे. आता वही म्हणतेय की पैसे दुकानानं दिले. गल्ल्यानं दिलेले नाहीत. किती दिवसांची तूट आहे ही, मामंजींनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते?"

जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडली, आणि घरातलं एक कुलूप आतून लागलेलं आहे हे कुलूपवाल्याला आज कळत होतं.

"आणि नाही दिले तर?" त्यानं सुनेला विचारलं.

"तर मी हा खर्च घालत नाही. तुम्ही पूर्वीसारखा जास्तीचा कर भरा."

एकीकडं सरकार, दुसरीकडं बायको.

"सरकार निदान घेतल्यावर बोलत तरी नाही," तो शेवटी म्हणाला.

"मीही इतकी वर्षं बोलले नव्हते," वहिनी म्हणाली.

पैसे दिले त्यानं. पाटीचं पाकीट दुकानातून आणून, दोनदा मोजून, सुनेच्या टेबलावर. वहिनीनं ते तिसऱ्यांदा मोजले. खरं तर गरज नव्हती, पण मोजताना त्याचा चेहरा बघायला मिळत होता, आणि एवढ्या वर्षांत तिला त्याच्याकडून मिळालेली ही पहिलीच करमणूक होती. मग तिथूनच ती गाळ्याच्या मालकिणीकडं गेली. झेरॉक्सवाल्यानं नंतर पुष्कळ दिवस तिच्याशी बोलणं सोडलं होतं, तेही तिला परवडलं.

गाळा आतून इतका अरुंद निघाला की स्टूल आडवं ठेवावं लागलं. पण दोन्ही कोपरं मावत होती. दार बाहेर उघडत होतं, हे तिनं अनामत द्यायच्या आधी स्वतः ढकलून पाहिलं होतं. पाटी तिनं पत्र्यावर रंगवून घेतली. तिच्यावर कोणाचाही चेहरा नव्हता. आठवड्याभरानं गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तोच माणूस मशीन घेऊन आला, तेव्हा तिनं सगळे कागद बसून वाचले आणि किती कापणार ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. माणूस जाताना घामाघूम होता. रोजची कपात आता ती खर्चाच्या बाजूला लिहून ठेवते.

कुलूपवाल्याच्या दुकानाचं दार आता मागच्या भिंतीवर आपटतं. आवाज मोठा येतो. जुनी गिऱ्हाइकं अजूनही सवयीनं "वहिनी, कोपर" म्हणतात आणि मग रिकाम्या बेचक्याकडं बघून ओशाळतात.

वहिनी गाळ्यात बसली त्या पहिल्याच दिवशी त्याच्याकडं कार्डवालं गिऱ्हाईक आलं. किल्ली कापून झाली होती, मशीन समोर होतं, आणि कुलूपवाला त्याच्याकडं साप बघावा तसा बघत होता.

"अगं," त्यानं भिंतीतून हाक मारली. "जरा ये. हे दाबून जा."

भिंत पातळ होती. वहिनीला सगळं ऐकू येत होतं. मशीन कोणी दाबलं तर तूट कोणाची, हेही तिला पाठ होतं. तिच्या मांडीवर एका शाळकरी दप्तराची चेन होती, तीन दात बसायचे राहिले होते.

"माझ्या गल्ल्यावर गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही दाबा."

पलीकडून कुठल्यातरी चुकीच्या बटणाचा एक लांब, रडका आवाज आला, आणि गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, हात आधी पुसून घ्या."